पेडलवर कोण?

हालवार स्ट्रेचरवर मावत नव्हता, हा त्या दिवशीचा पहिला घोळ. म्हातारा ताडमाड उंच आणि विमान एवढंसं. आजाऱ्याला डोकं पुढे करून आत घ्यायची रीत, पण तसं घेतलं की मागचं दार लागेना. शेवटी बोर्गहिल नर्सने त्याला उलटा फिरवून घ्यायला लावलं. डोकं शेपटाकडे, पाय पुढे. करड्या लोकरीच्या मोज्यांतली त्याची भलीमोठी पावलं वैमानिकाशेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला जाऊन टेकली.

"जन्मभर पुढे बसला. आता निदान पाय तरी पुढे," बोर्गहिल म्हणाली आणि तिने त्याच्या छातीवरचा पट्टा आवळला.

सिग्ने हसली नाही. एरवी हसली असती. स्कार्वॉय बेटावरून आजारी माणसं ग्रोनेसच्या इस्पितळात नेणं हे तिचं रोजचंच काम. बाळंतीण, बोटीवर हात चिरडलेला कोळी, छातीत कळ आलेले आजोबा, असे कितीतरी तिने पोचवले होते. पण आजच्या स्ट्रेचरवर होता तिला उडायला शिकवणारा माणूस. सकाळी शेजारीण दूध द्यायला गेली तेव्हा तो स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला सापडला. चुलीवरची कॉफी उतू जाऊन जळून गेली होती. मेंदूत रक्तस्राव झालाय, उजवं अंग गेलंय, असं बेटावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुपारच्या आत इस्पितळ गाठलं तर आशा आहे. नाहीतर कशाला धावपळ करायची, असंही त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्ही फक्त पडून राहा," सिग्ने त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. "आज मी नेते."

त्याचा डावा डोळा किलकिला झाला. ओठ हलले, पण शब्द उमटला नाही.

नोव्हेंबरात त्या किनाऱ्यावर सूर्य उगवायचा नुसता बेत करतो. भर दुपारीसुद्धा आभाळ निळसरच, डोंगरांच्या कडा काळ्या आणि समुद्र शिशाच्या रंगाचा. सिग्ने आपल्या खुर्चीत बसली, शेजारच्या खुर्चीवर औषधांची पिशवी आणि प्राणवायूची नळकांडी पट्ट्याने बांधली, इंजिनं सुरू केली आणि धावपट्टीच्या टोकाला येऊन थांबली.

"पेडलवर कोण?" ती मोठ्याने म्हणाली.

"मी," तीच मोठ्याने म्हणाली.

मागून बोर्गहिलने मान डोलावली. हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं की ऐकलं नसतं तरच दचकली असती.

दक्षिणेकडून नवे वैमानिक आले की या प्रकाराला खो खो हसतात. 'उत्तरेची माणसं विमानाशी गप्पा मारतात म्हणे!' एक हिवाळा काढला की तेही मुकाट्याने म्हणू लागतात. पायाखालच्या पेडलांनी विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळतं. पेडलांच्या दोन जोड्या असतात, एक डाव्या खुर्चीपुढे आणि एक उजव्या. दोन्ही आतून जोडलेल्या. सिग्ने जन्मायच्या आधी एकदा स्वच्छ उन्हात, दोन मुरलेले वैमानिक बर्फाळ पट्टीवर उतरले. विमान हळूच डावीकडे सरकायला लागलं. याला वाटलं तो सांभाळतोय, त्याला वाटलं हा सांभाळतोय. दोघेही पाय सैल सोडून बसले आणि विमान बेधडक समुद्रात गेलं. त्यांना दोर लावून वर काढणाऱ्यांत तरुण हालवार होता. तेव्हापासून त्याने हा दंडक घातला. उडताना, उतरताना मोठ्याने विचारायचं, मोठ्याने उत्तर द्यायचं. एकटं असलं तरी. आणि एकदा दुसऱ्याचं नाव घेतलं, की आपण पुन्हा 'मी' म्हणेपर्यंत पेडलं त्याचीच.

त्यात म्हातारा भारी हट्टी. शिकत असताना एकदा सिग्नेने उतरण्याआधी पेडलं त्याच्याकडे सोपवली आणि परत घ्यायची विसरली. विमान जागेवर लागलं, इंजिनं बंद झाली, ती खाली उतरून कॉफी पिऊन आली, तरी हा आपला खुर्चीत. पाय पेडलवर, हाताची घडी.

"अहो, उतरा की! थंडीने मराल," ती म्हणाली.

"तू मला दिलंस ना? मग परत घेतलंस का? मी उठू कसा?"

तिने खालूनच 'मी' म्हटलं, तेव्हा कुठे तो कुरकुरत उठला. ती गोष्ट त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक हँगरात सांगून सांगून गुळगुळीत झाली होती.

विमान स्कार्वॉयवरून उठताना सिग्नेला पेडलं जरा जड लागली. फार नाही. शिकवणीच्या दिवसांत शेजारी हालवार पाय टेकवून बसायचा, तेव्हा लागायची तितकीच. थंडीने वंगण घट्ट झालं असेल, असं म्हणून तिने मनातून तो विषय काढून टाकला.

सामुद्रधुनी ओलांडून ग्रोनेसचे दिवे दिसू लागले तेव्हा तिने चाकं खाली सोडली. पोटाखाली घरघर झाली. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागला. उजव्याचा लागला. डाव्याचा लागला नाही.

तिने दिव्याचा बल्ब काढून दुसऱ्या जागी लावून पाहिला. बल्ब चांगला होता. चाकं वर घेऊन पुन्हा सोडावीत म्हणून दांडा ओढला, तर चाकं वर जायलाच तयार नाहीत. खालच्या हातपंपाचा दट्ट्या मारला. तो दोनचार वेळा जड गेला आणि मग पोकळ फिरू लागला. कुठेतरी नळी फुटून तेल वाहून गेलं होतं.

"ओडमुन, मी पट्टीवरून खालून जाते. माझं डावं चाक बघून सांग," तिने रेडिओवर सांगितलं.

ओडमुन म्हणजे ग्रोनेसच्या मनोऱ्यातला माणूस. बोलायला सुरुवात केली की थांबत नसे. आज मात्र दुर्बीण लावून बघितल्यावर त्याने मोजकेच शब्द वापरले.

"बाई गं," तो म्हणाला. "पुढचं नि उजवं सरळ उभं आहे. डावं निम्मंच लोंबतंय. टेकवलंस की मुडपणार ते."

"मोठ्या विमानतळावर जाता येईल?"

"तिकडे बर्फाचा मारा चालू आहे. समोरचं दिसत नाही म्हणतात. तासाभराने ओसरेल. पट्टी लांब, फेस मारणारे बंब, सगळं आहे गं तिथे. आत्ता नाही, एवढंच."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सिग्नेने इंधनाचे काटे बघितले. तिच्याकडे तास होता, तासाहून अधिकच होता. घिरट्या घालायच्या, वाट बघायची आणि रुंद, लांब पट्टीवर फेसात हळूच पोट टेकवायचं. अक्कल असलेला कुणीही वैमानिक हेच करेल.

"बोर्गहिल," तिने मागे न बघता विचारलं, "त्याच्याकडे तासभर आहे का?"

मागे बोर्गहिल नाडी बघत होती.

"तासभर? नाही गं. तासभर नाही."

सिग्नेला एकदम रडूच कोसळेल असं वाटलं. रडायला दोन्ही हात मोकळे नव्हते, म्हणून ती रडली नाही.

एक उपाय उरला होता. हालवारनेच शिकवलेला. विमान हवेत डावी-उजवीकडे झटकायचं, म्हणजे लोंबतं चाक झोका खाऊन आपल्या खाचेत बसतं. कधी कधी बसतं. ती समुद्रावर गेली आणि तिने उजवं पेडल लाथेने दाबलं. मग डावं. विमान पाण्यातून निघालेल्या कुत्र्यासारखं अंग झटकू लागलं. मागे काहीतरी आपटलं, बोर्गहिलने एक सणसणीत शिवी हासडली. तिसरा दिवा काळाच. सिग्नेने दात ओठ खाऊन पुन्हा उजवं दाबलं, पुन्हा डावं, आणि आता जीव खाऊन उजवं...

पेडल गेलंच नाही.

अडकलं म्हणावं तर तसंही नाही. अडकलेली वस्तू टणक लागते. हे मऊ होतं आणि ठाम होतं. पलीकडून कुणीतरी पाय रोवून 'पुरे' म्हणावं तसं.

तेवढ्यात तिची नजर वेगाच्या काट्यावर गेली. झटापटीत वेग कधी इतका उतरला ते तिला कळलंच नव्हतं. आणखी एक लाथ, आणि विमान पाठीवर उलटून सरळ पाण्यात गेलं असतं. तिने नाक खाली केलं, इंजिनांना जोर दिला. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला.

पेडलाच्या केबलवर बर्फ धरलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. तेच असेल. वेळेवर धरलं, नशीब म्हणायचं.

"बोर्गहिल, त्याचे पाय खुर्चीला लागतायत ना? खुर्ची पुढे ढकलली जातेय का बघ."

"तो कशाला ढकलेल? तो तर..." बोर्गहिल मध्येच थांबली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "सिग्ने, याचा पाय हलतोय."

"झटका आलाय का?"

"झटका नाही. झटका मी ओळखते. हळूहळू दाबतोय आणि सोडतोय."

"चांगलं लक्षण आहे ना मग?"

"उजवा पाय आहे," बोर्गहिल म्हणाली. "सकाळी त्या पायात मी सुई टोचली होती. त्याला कळलंसुद्धा नव्हतं."

सिग्नेने पुन्हा वेगाचा काटा बघितला.

सिग्नेने ओडमुनला सांगितलं की ती ग्रोनेसलाच उतरते आहे. ट्रुल्सला, म्हणजे तिथल्या मेकॅनिकला, बंब घेऊन उभं करायलाही सांगितलं. छोट्या विमानतळावर मेकॅनिक तोच आणि बंबवालाही तोच. मग ती मनाशी सगळं एकदा म्हणू लागली, परीक्षेला बसणाऱ्या पोरीसारखं. उजव्या चाकावर टेकायचं. डावा पंख जितका वेळ हवेत धरता येईल तितका धरायचा. दोन्ही इंजिनं टेकण्याआधी बंद, नाहीतर पाती जमिनीवर आपटून आग लागेल. वेग मेला की पंख पडणारच. पडला की तो जमिनीवर घासत विमानाला डावीकडे ओढणार. ती ओढ उजव्या पेडलाने आणि त्याच पेडलाच्या टोकाशी असलेल्या उजव्या ब्रेकने तोडायची. बस्स, एका पायाचं काम.

पण ग्रोनेसच्या पट्टीच्या डाव्या अंगाला समुद्र होता. कठडा नाही, वाळू नाही. पांढरी रेघ, गोटे आणि काळं पाणी. उलट्या दिशेने उतरावं तर वारा पाठीशी, आणि पट्टी इतकी आखूड की वारा पाठीशी घेऊन थांबताच आलं नसतं. वारा समोरून तिरका, समुद्रावरून, डावीकडून येत होता. तो पंखाला उचलून धरायला मदत करणार होता आणि नाक समुद्राकडे वळवायलाही. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं, अशी त्याची तऱ्हा.

ती पट्टीच्या रेषेत वळत होती, तेव्हा पेडलाने पायाला हलकेच दोन टोले दिले.

टक्. टक्.

उजव्या पेडलाने. शिकवताना हालवार बोलायचा कमी. नाक रेषेवरून भरकटलं की उजव्या पायाने दोन हलके टोले द्यायचा, म्हणजे 'पोरी, जागी आहेस ना?' तिने समोर पाहिलं. नाक खरंच भरकटलं होतं. तिने ते रेषेवर आणलं.

शेजारची खुर्ची तिने मुद्दाम बघितली. औषधांची पिशवी, नळकांडी, पट्टा. खाली दोन पेडलं, त्यावर कुणाचाही पाय नाही.

"बोर्गहिल! कसा आहे तो?"

उत्तर आलं नाही.

"बोर्गहिल!"

"तू समोर बघ," बोर्गहिल म्हणाली. "मी आहे त्याच्यापाशी. तू समोर बघ."

समोर पट्टीचे दिवे दोन ओळींत वर येत होते. ट्रुल्सचा बंब लाल ठिपक्यासारखा उभा. सिग्नेचा उजवा पाय थरथरू लागला. आधी पोटरी, मग मांडी. तिने तो दाबून धरायचा प्रयत्न केला, तशी थरथर वाढली. सतरा वेळा वाऱ्या-वादळात उतरलेली ती, पण हा पाय आज तिचं ऐकायला तयार नव्हता. आणि सगळं त्या एका पायावर होतं. बोर्गहिलची दोन मुलं शाळेत होती. हालवार मागे स्ट्रेचरवर होता. तिला जगायचं होतं, इतकं की त्याची लाज वाटावी.

सवयीने तोंडातून प्रश्न निघाला.

"पेडलवर कोण?"

'मी' म्हणायला तिने तोंड उघडलं. शब्द येईना.

टक्. टक्.

"तुम्ही," सिग्ने म्हणाली. "हालवार, तुम्ही."

थरथर थांबली.

इंजिनं बंद केली. अचानक झालेल्या शांततेत फक्त वारा ऐकू येत होता. उजवं चाक टेकलं. मग पुढचं. तिने हातातलं चक्र उजवीकडे पार फिरवून डावा पंख हवेत धरला. दिवे भराभर मागे पळत होते. पंख धरलेला होता. अजून धरलेला होता.

मग तो थकला.

डावं चाक टेकलं आणि मुडपलं. पंख धाडकन खाली आला. पत्रा डांबरावर किंचाळला, खिडकीबाहेर ठिणग्यांचा झोत उठला आणि नाक समुद्राकडे निघालं.

सिग्नेने उजवं पेडल पूर्ण ताकदीने दाबलं.

ते तळाला गेलं. कसलाही जोर न लागता. रिकाम्या बुटात पाय घालावा, तसं.

तिने पुन्हा दाबलं. काहीच नाही. पेडल तिच्या पायाखाली मेलं होतं.

समोर पांढरी रेघ आडवी आली. रेघेपलीकडे गोटे. गोट्यांपलीकडे पाणी.

डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं. रिकाम्या खुर्चीपुढचं उजवं पेडल खाली चाललं होतं.

सावकाश. घाई न करता. तळापर्यंत.

उजवं चाक कर्कश ओरडलं. नाक थांबलं. मग इंचाइंचाने परत आलं.

विमान उभं राहिलं.

डाव्या पंखाचं टोक पांढऱ्या रेघेबाहेर होतं. त्याखाली लाट येऊन फुटली आणि काचेवर चार थेंब उडाले.

त्यानंतरचं सगळं नेहमीसारखं आणि घाईघाईत झालं. ट्रुल्सने बंब भिडवला, डाव्या इंजिनावर फेस मारला. सिग्ने बाहेर पडली आणि पंखाला धरून उभी राहिली. जळक्या रबराचा आणि इंधनाचा वास येत होता. रुग्णवाहिका आली, दोन माणसं मागच्या दाराने आत शिरली. त्यांच्यामागून बोर्गहिल खाली उतरली. तिच्या कपाळाला खोक पडली होती आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"त्याला आधी न्या," सिग्ने म्हणाली. "मी ठीक आहे. आधी त्याला न्या."

बोर्गहिलने तिचा हात धरला.

"सिग्ने, तो गेला."

"आत्ता?"

"नाही. आत्ता नाही." बोर्गहिलने मागे विमानाकडे बघितलं. "तू समुद्रावर झटके देत होतीस ना, त्यानंतर थोड्या वेळाने. वळायच्या आधीच."

सिग्नेला आधी कळलंच नाही. मग कळलं. वळायच्या आधीच. म्हणजे तेव्हाच मोठ्या विमानतळाकडे निघता आलं असतं. इंधन होतं, तास होता, रुंद पट्टी होती, फेस होता. ज्याच्यासाठी ती समुद्राच्या काठावर उतरली होती, त्याला कुठेच पोचायचं नव्हतं.

"मग मला सांगितलं का नाहीस?" ती ओरडलीच. "मी वेडी आहे का? तुझी पोरं... मला सांगायचं ना!"

"काय सांगायचं?" बोर्गहिलही ओरडली, आणि मग तिचा आवाज फुटला. "नाडी नव्हती. श्वास नव्हता. डोळ्यांत बॅटरी मारली, काही नाही. आणि पाय चालू होता गं! दाबतोय, सोडतोय. मी दोन्ही हातांनी धरला तर मला रेटून देत होता. तुला काय सांगू मी, मेला म्हणून सांगू की आहे म्हणून?"

मागच्या दारातून रुग्णवाहिकेतला एक जण डोकावला.

"स्ट्रेचर निघत नाहीये. पाय अडकलाय त्याचा."

पाय कुठे अडकला नव्हता. करड्या मोज्यातलं उजवं पाऊल रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर रोवलेलं होतं, गुडघा ताठ, बोटं पुढे. दोघांनी मिळून ओढलं तरी ते सुटेना. इतक्या लवकर माणूस ताठरत नाही, एक जण पुटपुटला. दुसरा म्हणाला, खुर्चीच काढा, म्हणजे झंझट मिटेल.

ट्रुल्स पाना घेऊन वैमानिकाच्या दाराशी आला. विमान डावीकडे कललेलं, आत जागा एवढीशी. तो सिग्नेच्या खुर्चीवरून आडवा होऊन डोकं खाली पॅनेलखाली घालून, बॅटरी तोंडात धरून शेजारच्या खुर्चीचे बोल्ट चाचपू लागला. त्याचे फक्त बूट बाहेर दिसत होते. थोड्या वेळाने त्याने तोंडातली बॅटरी काढली.

"ए सिग्ने, तुझ्या बाजूची दांडी तुटलीय की गं! पेडलपासून साफ सुटलीय. तू सरळ ठेवलंस कशाने?"

सिग्नेने आपल्या उजव्या पायाकडे बघितलं.

"उजव्या बाजूने दाबलं ना कुणीतरी? बोर्गहिल बसली होती काय पुढे? मानलं बुवा!" पॅनेलखालून त्याचा आवाज घुमत होता. "अजून दाबून ठेवलंय वाटतं. मधली दांडी पार ताणलेली आहे. कोण आहे ते? तसंच धर हं, सोडू नको. माझा हात मधे आहे."

बोर्गहिल सिग्नेच्या शेजारी जमिनीवर उभी होती. रुग्णवाहिकेतली दोन्ही माणसं मागच्या दाराबाहेर, स्ट्रेचरच्या मुठी धरून. सिग्नेने वाकून आत पाहिलं. रिकामी खुर्ची. पिशवी, नळकांडी, पट्टा. खाली उजवं पेडल तळाला टेकलेलं.

मग तिला आठवलं. थंडीत खुर्चीवर बसून राहिलेला म्हातारा, हाताची घडी, आणि ती खाली कॉफीचा पेला घेऊन उभी. तू मला दिलंस ना? मग परत घेतलंस का?

तिचे डोळे भरून आले. ती मागच्या दाराशी गेली आणि स्ट्रेचरवर वाकली. हालवारचा चेहरा शांत होता, ओठ किंचित आवळलेले. काम मन लावून करताना त्याचे तसेच असत.

"ट्रुल्स," तिने हाक मारली, "हात काढ तिथून."

"का गं?"

"काढ म्हणते ना."

"एक मिनिट, बोल्ट फिरतोय आता..."

ती फार वेळ थांबू शकली नाही. तिला वाटलं, याला आता आणखी एक क्षणही बसवून ठेवणं पाप आहे.

"पेडलवर मी," सिग्ने म्हणाली. "हालवार, मी आहे. उठा आता."

करडा मोजा खुर्चीच्या पाठीवरून सावकाश घसरला. गुडघा वाकला. पाऊल ब्लँकेटवर एका बाजूला कलंडून पडलं, झोपलेल्या माणसाचं पडतं तसं. बोर्गहिलने तोंडावर हात धरला.

पुढे पॅनेलखालून ट्रुल्स केकाटला.

"अरे, सोडताना सांगायचं तरी! बोटं गेली असती माझी."